सातवा खांब

भिंतीला कान असतात म्हणतात.
माझा धंदा उलटा, मी भिंतीला कान लावते.
खांबाच्या या अंगाला एक सेन्सर, काड्यापेटीपेक्षा जरा मोठा,
पलीकडच्या अंगाला त्याचा जोडीदार,
मध्ये चाळीस सेंटिमीटर काँक्रीट
आणि दोन्हीकडे व्हॅसलीनचा लेप,
कारण हवेची एवढीशी फट राहिली तरी
आवाज रुसतो, आत शिरतच नाही.

त्किबुलीच्या शाळेची व्यायामशाळा. फेब्रुवारी.
बास्केटबॉलची जाळी फाटलेली,
कोपऱ्यात गाद्यांची चळत, तिला ओल्या मोज्यांचा वास.
लेवानी खांबाचा रंग खरवडतो, मी आकडे सांगते,
तो वहीत उतरवतो, मधूनमधून बोटं फुंकत.

पहिला खांब शहाण्णव मायक्रोसेकंद.
दुसरा चौऱ्याण्णव.
तिसरा, चौथा त्याच घरचे.
धड काँक्रीटमधून आवाज
सेकंदाला चार किलोमीटर पळतो,
कुणाची विचारपूस न करता.

सातव्याला एकशे त्रेसष्ट.

पुसलं. लेप पुन्हा लावला. एकशे त्रेसष्ट.
केबल बदलली. एकशे एकसष्ट.
दोन हात वर सरकवलं, शहाण्णव.
म्हणजे आत, छातीच्या उंचीवर, काही नाही आहे
आणि आवाज त्या काही-नाहीला
वळसा घालून येतो,
कुत्रा बांधलेल्या दाराला शाळेची पोरं घालतात तसा.

बोंदो पहारेकरी दारात उभा, सूर्यफुलाच्या बिया सोलत.
बहात्तर साली याच ओतकामावर होता, अठरा वर्षांचा.
विचारलं तर आधी त्याने कानांवर हात ठेवले.
मग आम्ही भाकरी सोडली तेव्हा स्वतःहूनच म्हणाला,
"बाटल्या आहेत. रिकाम्या, सोड्याच्या.
विटांचे तुकडे. आणि ग्रामितोनची टोपी,
ती मात्र चुकून पडली.
सिमेंट तेव्हा रात्रीचं फिरायला जायचं, पोरी.
बर्फावरून, घसरगाडीत बसून, वरच्या अंगाला."

वरच्या अंगाला म्हणजे आमची गल्ली.
बोंदो माझ्याकडे बघत नव्हता.
लेवानीने वही मिटली, पुन्हा उघडली.
आमच्याकडे आजोबांचे नऊ फोटो आहेत.
पाचांत टोपी आहे,
ती जुनी पाच.

यंत्र संध्याकाळी ऑफिसात जमा करायचं असतं.
मी घरी नेलं.
स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उतरवलं,
केबल खिडकीतून बाहेर सोडली,
आणि वडील, मक्याची पेज ढवळणं टाकून,
बाहेर बर्फात सपाता घालून उभे,
दुसरा सेन्सर दोन्ही हातांनी भिंतीवर दाबून,
जसं कुणी कुणाच्या कपाळावर पट्टी धरावी.

तीस सेंटिमीटर. अडुसष्ट मायक्रोसेकंद.
परत, अडुसष्ट. खिडकीजवळ सदुसष्ट.
सबंध गावात इतकं देखणं काँक्रीट
मी अजून मोजलेलं नाही.

"पाडायचं का घर?" वडील बाहेरून ओरडले.
"छे," मी म्हणाले, "हे कशाने पडत नाही."
ते खूश झाले. आत येऊन म्हणाले,
"बाबांच्या हाताचं काम आहे."
पेज तळाला लागली होती.

रात्री अहवाल लिहिला.
खांब क्रमांक सात, पोकळी, तातडीने भरणे.
तोवर मुलांना आत सोडू नये, हे अधोरेखित.
लागणारं सिमेंट, तीन गोण्या.
कारण या रकान्यात 'बाटल्या' लिहिलं, खोडलं,
'बांधकामाच्या वेळची' एवढं लिहिलं,
पुढचा शब्द सकाळवर टाकला.

कॅलेंडर परत टांगलं.
पण व्हॅसलीनचा गोल डाग
त्याच्याखाली पुरता मावला नाही.
दिवा लावला की चमकतो,
वडील रोज फडक्याने पुसतात,
तेल उडलं असेल म्हणतात.